कवेतला साग

"कापाच्या आधी हे झाडाले किती येळ धरून ठेवते?"

रैनूबाबांचा प्रश्न ऐकून श्रीरंग डहाके हसला. परदेशात सहा महिने झाडं तोडायची यंत्रं चालवायला शिकून आलेला गडी. सकाळपासून त्याच्या तोंडाची टकळी थांबली नव्हती. एक यंत्र झाड बुंध्यातून कापून उभंच धरतं आणि पाच-सहा झाडांची मोळी करून खाली ठेवतं. त्यानं आणलेलं हे दुसरं. हे कापतं, आडवं करतं, फांद्या सोलतं, लांबी मोजतं आणि ओंडके पाडतं. चढावर घसरू नये म्हणून त्याला चाकांऐवजी पट्टे.

"धरून कशाला ठेवायचं, बाबा? पकडलं की कापलं. चाळीस सेकंदांत ओंडके तयार."

चाळीस वर्षं कुऱ्हाड चालवलेल्या म्हाताऱ्यानं यंत्राला मनापासून हात जोडले. "लय मोठी ताकद हाय."

श्रीरंगला हायसं वाटलं. हा सागाचा उतार गावाचा होता आणि तोडीबाबत बाबांचा शब्द अखेरचा. त्यांनी नाही म्हटलं असतं, तर यंत्र परत गेलं असतं आणि त्यामागोमाग त्याची नोकरी.

"आमीबी आधी कवेत घेतो. घेर मोजाले," बाबा म्हणाले. "तू बी त्या सागाले धर. कापू नोको. इंजन बंद कर."

म्हाताऱ्याची लहर सांभाळावी म्हणून श्रीरंग केबिनमध्ये चढला. यंत्राच्या लोखंडी पंजानं साग कवेत घेतला. इंजिन बंद झालं.

...

वर शेंड्यात वारा शिरला, आणि केबिन हलली.

अगदी बारीक. पुन्हा हलली. वीस टनांचं ते धूड सागाबरोबर डुलत होतं. आजवर हजारो झाडं पाडली, पण उभं झाड किती जिवंत असतं, हे श्रीरंगला बसल्या जागी पहिल्यांदाच कळत होतं.

बऱ्याच वेळानं खालून बाबांचा आवाज आला. "आता काप."

श्रीरंगनं इंजिन चालू केलं. बोट बटणावर ठेवलं...

मग इंजिन बंद करून तो खाली उतरला. नोकरी गेली, हे त्यानं मनाशी धरलंच होतं. मान वर करायची त्याला लाज वाटत होती.

"बाबा... माझ्याच्यानं हे कापवत नाही."

रैनूबाबांनी सागाच्या सालीवरून एकदा हात फिरवला.

"मंग उद्यापासून कोनतं झाड तोडाचं, कोनतं ठेवाचं, ते तूच ठरव. हा उतार तुया हवाली."