दिवाणजींची घंटा

निंबगिरीच्या राजेसाहेबांचा हुकूम होता, की राजवाड्यात कुणी गैर वागताना दिसलं तर चाकरमाणसांनी घंटा वाजवावी. दिवाणजींनी ती टांगली नेमकी स्वतःच्या बैठकीत. कोठी सांभाळणारा त्यांचाच मेव्हणा चाकरांच्या जेवणात किडके तांदूळ खपवत होता, पण दिवाणजींच्या डोळ्यांदेखत घंटेला हात कोण लावणार?

वर्षभराने राजेसाहेब बैठकीत आले, तेव्हा दिवाणजी छाती फुगवून म्हणाले, "सरकार, घंटा एकदाही वाजली नाही. इतकी सचोटी दुसऱ्या कुठल्या राज्यात असेल?"

पन्हं घेऊन आलेली मुदपाकखान्याची चंद्राक्का तिथेच थांबली. चाकरांची ताटं रोज तीच वाढायची, आणि रोज मनातल्या मनात चडफडायची.

"खरंय, सरकार," ती म्हणाली. "पण घंटेच्या आत एकदा बघावं."

राजेसाहेबांनी वाकून पाहिलं. कुंभारीण माशीने आतल्या लोलकाला मातीचं घर लिंपलं होतं.

"ही माशी शहाणी असते, सरकार. माणसाचा हात पोचेल तिथे घर बांधत नाही. एवढ्या राजवाड्यात तिला निर्धास्त जागा हीच सापडली."

राजेसाहेब हसले. दिवाणजींना हसू आलं नाही.

"मग घंटा कुठे टांगू, चंद्राक्का?" राजेसाहेबांनी विचारलं.

"आडावर टांगा. तिथे सगळ्यांचाच राबता, कुणी वाजवली ते कळायचं नाही."

घंटा आडावर गेली आणि दिवेलागणीच्या आत घणघणली. राजेसाहेब स्वतः खाली आले, आडाच्या काठावर कुणीतरी ठेवलेल्या चाकराच्या ताटातला भात त्यांनी बोटांनी चिवडून पाहिला, आणि कोठीच्या किल्ल्या मेव्हण्याच्या कमरेवरून उतरल्या. चाकरांच्या जिवात जीव आला.

दिवाणजी धापा टाकत आडावर पोचले. "कोणी वाजवली?"

चंद्राक्का घागर भरत होती. "कुंभारणीने असेल, दिवाणजी," ती म्हणाली. "बिचारीचं घर मोडलं ना."