दरारा कच्चं खाईना

“चूक माझीच आहे, महाराज. शहाण्या बाईनं खाली मान घालून भाकऱ्या थापल्या असत्या. मी तोंड उघडलं.”

राजवाड्याच्या मुदपाकातली सगुणाबाई असं म्हणाली खरी, पण हुकूम सुटून गेला होता.

त्याचं झालं असं. महाराज शिकारीहून परतले ते एकच गोष्ट डोक्यात घेऊन. माळावर त्यांनी लांडग्यांचा कळप हरिण खाताना पाहिला होता. काय ती अंगाची झळाळी, काय ते दात! आणि आपला दरारा? दरारा म्हणजे महाराजांचा शिकारी कुत्रा. नाव दरारा, पण आभाळ गडगडलं की पलंगाखाली. सगुणाबाई त्याला मटणाच्या अळणीत भाकरी कुस्करून घालायची. अळणी म्हणजे मसाला घालायच्या आधी बाजूला काढलेलं मटणाचं पाणी.

“निसर्गात चूल असते का?” महाराजांनी मुदपाकाच्या दारात उभं राहून विचारलं.

सगळे आचारी गप्प. सगुणाबाईला तेवढंच जमत नसे. “नसते महाराज. लांडग्याला कोण भाकऱ्या थापून देतंय? बंदच करून टाका, माझी तरी बोटं भाजायची वाचतील.”

थट्टा होती ती. महाराजांना मात्र फार पटली. त्यांनी तिथल्या तिथं फर्मावलं, आजपासून दरारा आणि राणीसाहेबांची मांजर बत्ताशी, दोघांना कच्चं मांस. विस्तव लागलेलं काहीही त्यांच्या तोंडी जाता कामा नये. आणि जबाबदारी सगुणाबाईची.

बत्ताशीनं हुकूम मनापासून पाळला. स्वतःची वाटी चाटूनपुसून ती दराऱ्याच्या वाटीकडे वळायची. दरारा मात्र त्या मांसाकडे असा बघायचा, जणू कुणी त्याला चप्पल वाढलीय. हुंगायचा, उचलायचा आणि कुठंतरी नेऊन लपवायचा. काळजाचा एक तुकडा त्यानं महाराजांच्या जोड्यात ठेवला. तो सापडला महाराजांच्या पायालाच.

“दसऱ्याच्या आत त्यानं आपणहून कच्चं खाल्लं पाहिजे,” महाराज पाय धूत म्हणाले. “तोंडात कोंबायचं नाही. नाही जमलं तर त्याला माळावर सोडून देऊ. भूक लागली की निसर्ग शिकवील.”

सगुणाबाईनं दराऱ्याला जवळ ओढलं. हे पिल्लू तिनं कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून वाढवलेलं. माळावरचे लांडगे त्याला काय शिकवणार, ते तिला बसल्या जागी दिसत होतं.

तिनं मांस झाडाला टांगून पाहिलं. दरारा त्या झाडाच्या सावलीत झोपला. तिनं त्याच्यापुढं जिवंत कोंबडी सोडली. कोंबडीनं त्याच्या नाकावर टोच मारली आणि दरारा सगुणाबाईच्या लुगड्यामागं लपला.

“मला वाटायचं या वाड्यात मीच एक येडी आहे,” ती त्याचं नाक चोळत म्हणाली. हाताला त्याच्या फासळ्या लागत होत्या.

दसरा तोंडावर आला. महाराज जेवायला बसले होते, शेजारी राणीसाहेब, आणि गुडघ्याला खेटून दरारा. सगुणाबाई वाढायला आली आणि अदबीनं उभी राहिली.

“महाराज, मी चुलीपुढची बाई. लांडगा जेवताना कधी पाहिला नाही. कसं जेवतात ते?”

ही गोष्ट सांगायला महाराजांना फार आवडायचं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला. “आधी म्होरक्या खातो.”

“आणि बाकीचे?”

“मागं बसून राहतात. म्होरक्यानं तोंड लावल्याशिवाय कुणाची हिंमत नाही.”

“म्होरक्या स्वतः खात नाही, नुसताच बाकीच्यांना खा म्हणतो, असं नाही होत?”

“छे. मग तो म्होरक्या कसला?”

“हे नक्की ना, महाराज?”

“या डोळ्यांनी पाहिलंय, सगुणे.”

सगुणाबाई आत गेली आणि चांदीचं ताट घेऊन आली. ताटात बकऱ्याचं ताजं, कच्चं काळीज. तिनं ते महाराजांच्या पुढ्यात ठेवलं.

“हे काय?”

“दराऱ्याचा कळप म्हणजे आपण सगळे. आचारी, हुजरे, मी. पण म्होरक्या तो एकालाच मानतो. बघा ना, ताटाकडे बघतच नाहीये, तुमच्या तोंडाकडे बघतोय. आपण पहिला घास घ्यावा, महाराज. नंतर त्यानं खाल्लं नाही, तर त्याच्याबरोबर मलाही माळावर सोडा.”

पंखा हलवणाऱ्या हुजऱ्याचा हात थांबला. राणीसाहेबांनी तोंडाला पदर लावला. महाराजांनी काळजाला बोट लावलं. काळीज थरथरलं. महाराजही.

“थोडं तव्यावर परतून आणलं तर?” त्यांनी हळूच विचारलं.

“आणलं असतं महाराज. पण निसर्गात चूल नसते.”

महाराज एवढे हसले की त्यांची पगडी कलली. “जिंकलीस, बाई! अळणी आण. भाकरी आण.”

त्यांनी भाकरी मोडली, अळणीत बुडवून एक घास स्वतः खाल्ला आणि दुसरा दराऱ्याला दिला. दराऱ्यानं तो गिळला, मग महाराजांची बोटं चाटली, मग वाटी, मग वाटीखालची जमीन. तेवढ्यात बत्ताशी आली आणि ताटातलं काळीज घेऊन गेली.

“हिला म्होरक्या लागत नाही?” महाराजांनी विचारलं.

“तीच म्होरकी आहे. राणीसाहेबांना विचारा.”

राणीसाहेबांनी मान डोलावली. महाराजांनी दुसरा हुकूम सोडला, मांजरीला कच्चं, कुत्र्याला भाकरी, आणि सगुणाबाईला एक दुभती म्हैस.

सगुणाबाई मुजरा करून निघाली, पण दारात तिला राहवलं नाही. “महाराज, खरं सांगा. एकदासुद्धा वाटलं नाही, की ते काळीज खाऊन बघावं?”

महाराजांनी शांतपणे दुसरी भाकरी मोडली.

“वाटलं होतं. काल तू केलेलं भरीत खाल्लं होतं. त्यामानानं हे बरं दिसत होतं.”