फीतपरी आणि फुलवालीचं गाणं

गावाच्या मोठ्या बागेच्या कोपऱ्यात एक इवलीशी पत्र्याची खोली होती. तिथे माळीबाबा आणि त्यांची चिमुकली बकुळा राहायची. पत्र्याला इतकी भोकं, की दुपारी जमिनीवर उन्हाचे गोल गोल कवडसे नाचायचे. बघायला फार छान, पण पावसात तिथूनच पाणी गळायचं. बकुळाचा फ्रॉक एकच, त्याला लाल, पिवळी, निळी ठिगळं. ती पाळण्यात असतानाच आई देवाघरी गेली होती. भिंतीवर आईचा फोटो होता, पण फोटो काही बोलत नाही. आईचा आवाज कसा होता हे बकुळाला ठाऊक नव्हतं, आणि त्याचं तिला फार वाईट वाटायचं.

दर रविवारी संध्याकाळी बागेत काही काका-मावश्या जमायचे. केस पांढरे, पोटं सुटलेली, आणि अंगात विटके काळे टी-शर्ट. पूर्वी याच बागेत ‘गडगडाट’ नावाच्या रॉक बँडची शेवटची मैफल झाली होती. ती कुणीतरी टेप केली होती म्हणे. ती टेप आज ना उद्या सापडेल म्हणून ही वेडी माणसं वाट बघत होती आणि वाट बघता बघता भांडत होती, की आधी ड्रम वाजला का गिटार. बकुळा त्यांना माठातलं गार पाणी आणून द्यायची आणि गंमत ऐकत बसायची.

सगळ्यांत वेडे विश्रामकाका. ते सांगायचे, “मैफल संपली होती, बरं का बकुळे. तेवढ्यात एक फुलवाली बाकावर चढली आणि म्हणाली, अजून एक गाणं म्हणा की. मग त्यांनी नवंकोरं गाणं म्हटलं. ते आधी कुणी ऐकलं नव्हतं, नंतरही नाही.”

“आम्ही बस गाठायला निघालो होतो, आम्ही नाही ऐकलं,” बाकीचे हसायचे. “म्हणजे तसं काही झालंच नाही.”

हल्ली काकांना कमी ऐकू यायचं. एकदा कानामागे हात धरून ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतात, दिवाळीपर्यंत आहे तेही जाईल. त्याआधी ते गाणं एकदा कानावर पडावं, बास.” बकुळा त्या हाताकडे बघत राहिली.

पुढच्या रविवारी, ऊन कोवळं असताना, बकुळा पानं झाडत होती. झाडावर काहीतरी लखलखलं. कॅसेटची तपकिरी फीत फांद्यांत गुरफटली होती, आणि त्या गुंत्यात बोटाएवढी परी अडकली होती. मोरपंखी पंख, डोक्यावर दवाचा मुकुट.

“बाबांची कात्री आण आणि काप गं हे,” परी कुरकुरली.

“नको. कुणाचं तरी गाणं असेल यात,” बकुळा म्हणाली. ती फांदीवर बसून हलक्या हातानं एकेक वेढा सोडवत राहिली. मध्येच आपल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा तिनं परीला भरवला. दुपार झाली तेव्हा परीही मोकळी झाली आणि फीतही अखंड राहिली.

“मी फीतपरी. हरवलेली गाणी सांभाळते,” परी म्हणाली. “एक इच्छा माग. पण नियम आहे. गाणं मागशील, तर मागणाऱ्याच्या कानांना ते ऐकू येणार नाही.”

परीराज्यात असले नियम कोण करतं, देव जाणे.

बकुळाला वाटलं, न गळणारं छप्पर मागावं. मग वाटलं, आईचा आवाज मागावा, आणि मन तिथेच अडून बसलं. पण कानामागचा तो हात काही डोळ्यांपुढून हलेना. दिवाळी जवळ आली होती. “काकांची मैफल वाजू दे,” ती म्हणाली आणि लगेच तिनं डोळे पुसले.

संध्याकाळी सगळे जमले. झाडावरची फीत सोनेरी झगमगली, आणि गडगडाट सुरू झाला. सुटलेली पोटं हलवत मंडळी नाचू लागली. बकुळाला मात्र फक्त पाय दिसत होते. गाणं थांबलं, की तेवढ्या टाळ्या, शिट्ट्या आणि कुणाचा तरी खोकला तिला ऐकू यायचा, कारण ते काही गाणं नव्हे.

मैफल संपली. टाळ्या विरल्या. आणि फितीतून एक खणखणीत आवाज आला, “ओ दादा, अजून एक गाणं म्हणा की. माझी फुलं संपली, तुमची गाणी कशी संपली?”

माळीबाबांच्या हातातून झारी पडली.

“बकुळे,” ते म्हणाले, “ही तुझी आई.”

मग ते नवंकोरं गाणं वाजलं. काका डोळे मिटून ऐकत होते, गालांवरून पाणी वाहत होतं. बकुळा गाण्याविनाच हसत होती.

“ऐकलंस ना?” गाणं संपल्यावर काकांनी विचारलं.

“गाणं नाही ऐकू आलं, काका. मागणाऱ्याला येत नाही, असा नियमच आहे. पण आई ऐकली.”

 मग काका दुखरे गुडघे धरून बाकावर चढले आणि ओरडले, “वन्स मोअर!” पाठोपाठ सगळेच ओरडले, बस गाठायला गेलेलेसुद्धा. आता आपल्यालाच ऐकू येणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. माळीबाबा तेवढे ओरडले नाहीत, ते अजून फितीकडेच बघत होते.

“वन्स मोअर म्हटल्यावर मला नाही म्हणता येत नाही,” परी हसली.

पुन्हा आईचा आवाज आला, आणि पाठोपाठ गाणं. बकुळा बाबांचा हात धरून नाचली. बाकीची मंडळी गाण्यातलं काहीही ऐकू न येता तिचे पाय बघत उभी राहिली. शेवटच्या सुराबरोबर परीनं गिरकी घेतली. गुलाबी, केशरी, चंदेरी उजेड बागभर पसरला, आणि त्यात परीही विरली, फीतही.

पुढच्या रविवारी मंडळींनी बकुळाच्या खोलीवर चढून, भांडत भांडत, नवे पत्रे बसवले.

दिवाळीत काकांचं ऐकणं गेलं. आता दर रविवारी बकुळा त्यांचा तळहात मांडीवर घेते आणि बोटांनी त्यावर त्या गाण्याचा ठेका वाजवते. ठेका संपला की काका डोळे उघडतात आणि म्हणतात, “अजून एकदा म्हण की.”