म्हाळूचा झेंडू आणि पाहणीचे साहेब

एका गावात एक भोळा फुलवाला शेतकरी होता. नाव म्हाळू. भोळा इतका, की कुणी "जरा थांब" म्हटलं की संध्याकाळपर्यंत तिथंच उभा.

कोरोना आला. देवळं बंद, लग्नं बंद. म्हाळूचा झेंडू वाफ्यातच सडला. सरकारनं मदत जाहीर केली. साहेब बघतील, लिहून नेतील, पैसे येतील. त्यातूनच पुढची रोपं घ्यायची, असं बायकोनं, गोदानं, ठरवलं होतं. दुसरा आधारच नव्हता.

सरपंच म्हणाले, "तलाठी येतायत. सगळं साफ ठेवा रे."

म्हाळूनं अर्धा झेंडू उपटून पुरला. वर सडा घातला.

तलाठी म्हणाले, "नुकसान कुठाय?"

"गाडलं, भाऊसाहेब."

"अरे लेका, गेलेलं दाखवायचं असतं! गळा काढायचा. सरपंचाचा मेव्हणा बघ. जन्मात झेंडू लावला नाही, पण काय रडला! पहिलं नाव त्याचं. आता राहिलेल्या अर्ध्याला हात लावू नकोस. मोठे साहेब येतील. कुणी बघायला आलं की रडायचं."

"बरं, ध्यानात ठेवतो," म्हाळू म्हणाला.

चार दिवसांनी लेकीला, कमळीला, बघायला पाहुणे आले. म्हाळूनं फुटका माठ, मोडकी बाज अंगणात मांडली आणि हंबरडा फोडला, "गेलं हो, आमचं सगळं गेलं!"

घरात कुणीतरी कोरोनानं गेलं असं समजून पाहुणे नाकाला रुमाल लावून पळाले, ते थेट वेशीपलीकडं.

गोदा कडाडली, "दारात आलेल्याला असं घालवतात व्हय? हाताला धरून आत घ्यायचं. नको म्हणाला तरी जेवू घालायचं!"

"बरं, ध्यानात ठेवतो."

दुसऱ्याच दिवशी पुण्याहून गावी परतलेला दिगू खोकत खोकत दारावरून आपल्या घरी चालला होता. म्हाळूनं त्याला ओढत आत नेलं आणि पिठलं-भाकरी खाऊ घातली. संध्याकाळी आरोग्य खात्याच्या आशाताई दार अडवायला बांबू घेऊन हजर. घर बंद!

घर उघडल्यावर आशाताईंनी समोरच्या शाळेची किल्ली म्हाळूच्या हातात दिली. "म्हाळूभाऊ, आता बाहेरून कुणीही येऊ दे, आधी चौदा दिवस शाळेत. कितीही ओरडला तरी कुलूप काढायचं नाही. समजलं?"

"बरं, ध्यानात ठेवतो."

आणि मोठे साहेब आले. गाडीतून उतरले, हातात कागद.

"साहेब, आधी शाळेत चला," म्हाळू हात जोडून म्हणाला.

साहेबांना वाटलं, चहा-पोह्यांची सोय दिसतेय. खुशीत आत शिरले. म्हाळूनं बाहेरून कुलूप घातलं.

"अरे, उघड! आज शेवटची तारीख आहे! आज पाहणी झाली नाही तर तुमच्या अख्ख्या गावाची मदत जाईल!"

"ओरडा साहेब. ओरडतातच सगळे."

गोदा पळत आली. "अहो, मोठे साहेब आले म्हणे! नुकसान दाखवलं का?"

"दाखवू की. आधी त्यांचे दिवस तर भरू देत."

खिडकीत साहेबांचं तोंड दिसलं. गोदा कुलपाकडं धावली. "अहो, सोडा त्यांना! आज मुदत संपतेय!"

म्हाळू गालात हसला. बायको भोळी आहे, त्याच्या मनात आलं.

"मुदत जाईना का गं. साहेब कुठं जातायत? किल्ली माझ्याकडं आहे!"