केंडाची टाकी आणि बरणीतल्या थोरल्या

एका घरात, खिडकीखालच्या कट्ट्यावर, पाणी भरून तळाला खडी नि दगड टाकलेल्या लोणच्याच्या जुन्या बरणीत साठ-सत्तर गोगलगायी राहत असत. त्यांतल्या बहुतेक ज्वारीच्या दाण्याएवढ्या होत्या, काही वाटाण्याएवढ्या, आणि तीन मात्र चांगल्या सुपारीएवढ्या. या तिघींना सगळी बरणी ‘थोरल्या’ म्हणायची. त्यांची नावं आत्या, काकू आणि मावशी. थोरल्यांना सगळं कळतं, असं थोरल्यांनीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्यावर कुणी वाद घालत नसे.

एक लहानशी तपकिरी गोगलगाय तेवढी अशी होती, की तिला कशावर चटकन विश्वासच ठेवता येत नसे. वरून पालकाचं पान पडलं की बाकीच्या त्यावर तुटून पडायच्या आणि ही आधी विचारायची, “पण का टाकलं?” मुलांनो, असं विचारणारं एखादं तुमच्याही घरात असेल, आणि त्याला आगाऊ म्हणत असतील. हिलाही म्हणायचे. हिची पाठची बहीण पिवळी अगदी उलट. ती पान खायची, पोट भरलं की काचेवर चिकटून झोपायची, आणि थोरल्या बोलू लागल्या की शिंगं ताठ करून ऐकायची.

बरणी येऊन आठ दिवस झाले असतील-नसतील, तोच घरातल्या माणसाने शेजारी एक भलीमोठी काचेची टाकी आणून ठेवली. तळाला वाळू पसरली, दगडांवर दगड रचून दोन कपारी केल्या, पाणी गाळायचा फिल्टर लावला, हीटर बुडवला. मग दीड महिना ती टाकी नुसतीच बुडबुडत राहिली. आत कुणीच नाही. दर दोन दिवसांनी माणूस त्यातलं पाणी एका नळीत घ्यायचा, वर थेंब टाकायचा, रंग निरखायचा आणि ‘अजून नाही’ म्हणून पाणी फेकून द्यायचा.

“ते घर आपल्यासाठी चाललंय,” आत्याने जाहीर केलं. “इथे किती दाटी झालीय, दिसतं त्याला.”

“मग आपल्या बरणीचं पाणी त्याने कधी नळीत घालून बघितलं नाही ते?” तपकिरीने विचारलं.

“आपलं चांगलंच आहे म्हणून.”

एके सकाळी माणसाने बादलीत पांढरं काहीतरी मापाने विरघळवलं आणि ते पाणी टाकीत सोडलं. तपकिरीची शिंगं आपोआप आत गेली. मीठ म्हणजे काय, हे कुठल्याच गोगलगायीला शिकवावं लागत नाही.

“आत्या, ते मीठ आहे.”

“साखर आहे ती. नव्या घरात जाताना तोंड गोड करतात.”

“तुम्ही साखर कधी बघितलीय?”

“तू बघितली नाहीस म्हणून तुला मीठ वाटतं,” आत्या म्हणाली, आणि सगळी बरणी हसली. पिवळी सगळ्यांत जास्त हसली.

दुसऱ्या दिवशी माणसाने टाकीच्या बरणीकडच्या बाजूवर समुद्राचं चित्र छापलेला निळा कागद चिकटवला. आता पलीकडचं काही म्हणजे काही दिसेना. फक्त त्या दुपारी पाण्यात काहीतरी सोडल्याचा आवाज आला, आणि घरातली मुलं टाळ्या वाजवत पळत आली.

“घर आपलं, तर ते आपल्यालाच दिसू नये म्हणून कागद का लावला?” तपकिरी म्हणाली.

“नजर लागते,” मावशी म्हणाली.

त्याच दिवशी बरणीत एक नवी रीत सुरू झाली. थोरल्या तिला ‘वर जाण्याचा मान’ म्हणू लागल्या. दर चौथ्या दिवशी सकाळी माणसाचा चमचा बरणीत उतरे. त्याआधी, ज्यांचा शंख वाटाण्याएवढा भरला असेल त्यांनी काचेवर चढून पाण्याच्या कडेला ओळीने थांबायचं. पाठीमागे रेंगाळायचं नाही. चमचा आला की पाय सैल सोडायचा, म्हणजे त्याला खरवडावं लागत नाही. आत्या खालच्या पानावर बसून एकेकीचा शंख शिंगाने मापायची आणि सांगायची, “हं, तू झालीस. जा वर.” जाणाऱ्या पोरी खुशीत असत. नव्या घरी चालल्या होत्या ना त्या.

“आणि तुम्ही कधी जाणार?” तपकिरीने एकदा विचारलं.

“आमचं काय आता,” आत्याने उसासा सोडला. “तुमची सोय लागली म्हणजे झालं. तुमच्यासाठीच तर मागे राहिलोय.”

मुलांनो, मोठी माणसं ‘तुमच्यासाठीच’ म्हणतात, तेव्हा त्यांची पाठ कुठे टेकलीय ते बघून घ्यावं. आत्याची पाठ टेकली होती बरणीतल्या सगळ्यांत जाड पानाला.

आणखी एक गोष्ट तपकिरीला टोचत होती. चमचा येऊन गेला की संध्याकाळपर्यंत बरणीत रिकामे शंख टाकले जायचे. काही आख्खे, बरेचसे फुटके. थोरल्या ते किसून किसून खायच्या, कारण शंख खाल्ल्याने शंख जाड होतो. आधी मोठ्यांनी, मग उरलंसुरलं लहानांनी, असा नियम. “हे कुणाचे?” असं विचारलं की काकू सांगायची, “पोरींनी नव्या घरात नवे घेतले. जुने तुमच्यासाठी पाठवून देतात. जाण आहे त्यांना.”

पुढे पांढऱ्या रेघेची म्हणून तपकिरीची मैत्रीण होती, तिला मान मिळाला. ती सकाळी गेली आणि संध्याकाळी तिचा शंख तळाला आला. पांढरी रेघ तशीच होती, फक्त मध्येच तुटलेली. काठावर चंद्रकोरीसारखा लचका होता. तपकिरीने त्याला जीभ लावली. शंख खारट लागला.

तिने कुणाला काही सांगितलं नाही. भर दुपारी बरणी पेंगत असताना ती पाण्याबाहेर, पार काठापर्यंत चढली. भिंतीवर एक पाल असायची. बरणी आणि टाकी, दोन्ही बाजू दिसत असतील अशी तीच एक.

“पालताई, कागदापलीकडे काय आहे?”

“मला नको विचारू. मी कुणाच्या भानगडीत पडत नाही. किडे खाते नि गप्प बसते.”

“मी उद्या-परवा वाटाण्याएवढी होईन. माझी बहीण झालीच आहे.”

पालीने शेपूट हलवलं. “केंड आहे. खाडीतला मासा. गोल पोट, पाठीवर ठिपके, एक डोळा इकडे फिरतो तर दुसरा तिकडे. घाबरला की फुगून चेंडू होतो. आणि तोंडात चार दात.”

“आमच्या पोरी कुठे आहेत?”

“कुठे असणार? त्याचे दात वाढतच राहतात बाई. मधूनमधून काही टणक फोडलं नाही तर इतके वाढतात की तोंड मिटत नाही, मग तो उपाशी मरतो. म्हणून तर माणसाने आधी तुमची बरणी आणली आणि मग टाकी. आधी खाणं, मग खाणारा. माशांचे शौकीन असंच करतात.”

तपकिरीचा पाय काचेवरून थोडा घसरला. तिने तो घट्ट केला. “थोरल्यांना हे माहीत आहे?”

“पहिल्याच दिवशी मी आत्याला सांगितलं. तिने एवढंच विचारलं, तोंड केवढं आहे? मी म्हटलं, वाटाणा मावेल एवढं. ती म्हणाली, बरं.”

“पुढे?”

“पुढे काही नाही. बरं म्हणाली आणि खाली उतरली. मग कधी विचारायला आली नाही. तो मासा तेव्हा लिंबाएवढा होता.”

तपकिरी खाली आली आणि तडक पानावर गेली. आत्या शंख किसत होती.

“आत्या, वाटाण्याएवढ्यांनीच वर जायचं, हे तुम्ही ठरवलंत. कारण तुम्ही त्याच्या तोंडात मावत नाही.”

आत्याचं किसणं थांबलं. तिने इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “त्या पालीचं ऐकलंस वाटतं.”

“खोटं आहे म्हणा.”

“चमचा काय मी आणते? कुणीतरी जाणारच. मग जिने अजून काही पाहिलं नाही, जिच्यावर कुणाचा भार नाही, तिने गेलेलं बरं. रडत जाण्यापेक्षा हसत गेलेलं बरं. एवढं मी तुम्हाला देते. आम्ही गेलो तर या बरणीला वळण कोण लावणार?”

“आमचे शंख खाऊन वळण लावता.”

“वाया घालवायचे का मग?” आत्या म्हणाली, आणि तिला खरोखरच त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चमचा यायचा होता आणि पहिला मान पिवळीचा होता. ती आदल्या दिवसापासूनच काचेवर अर्ध्यावर चढून बसली होती. तपकिरीने तिला गाठलं आणि ऐकलं ते सगळं सांगितलं.

“तुला माझं बरं बघवत नाही,” पिवळी म्हणाली. “तुझा शंख अजून भरला नाही ना.”

“खाली चल. एक गोष्ट दाखवते.”

“आत्या म्हणाल्याच होत्या, तू येशील म्हणून.”

“मग त्यांचं म्हणणं एकदाचं खरं झालं. आता माझं बघ.”

कटकट करतच पिवळी खाली उतरली. तपकिरीने तिला रेघेच्या मैत्रिणीचा फुटका शंख दाखवला. “नवीन घ्यायचा म्हणून तू तुझा शंख काढून देऊ शकतेस?”

पिवळीने जरा ओढून पाहिलं. दुखलं. गोगलगायीचा शंख निघत नसतो, तो तिच्या पाठीला धरलेला असतो. एवढी साधी गोष्ट, पण बरणीत आजवर कुणी शंख ओढून पाहिला नव्हता.

“आणि ही कोर बघ. आतून तुटलीय की बाहेरून?”

पिवळीने काठावरून शिंग फिरवलं. पुन्हा एकदा फिरवलं. मग म्हणाली, “हिला मीच सांगितलं होतं, पाय सैल सोड म्हणून.”

त्या संध्याकाळी दोघींनी तो शंख ढकलत ढकलत बरणीभर नेला. तपकिरी जास्त बोलली नाही. तिने प्रत्येकीला आपापला शंख ओढून बघायला सांगितलं, आणि मग कोर दाखवली. काहींनी विश्वास ठेवला, काहींना नुसती भीती वाटली. या कामाला भीतीही पुरते.

सकाळी आत्याने हाक दिली, “चला, मानाच्या पोरी वर.” कुणी हललं नाही. तळाच्या खडीत, दगडांच्या फटीत, जिथे चमच्याचं टोक पोचत नाही तिथे उरलेले सगळे बारके शंख गच्च रुतून बसले होते.

“अगं, हे काय? मोठ्यांचं ऐकायचं नाही असं ठरवलंय का?” काकू ओरडली. “कुठून शिकलात हे?”

“पिवळे, तू तरी शहाणी आहेस,” आत्या म्हणाली.

“खाली बरी आहे मी, आत्या,” खडीतून पिवळी म्हणाली.

चमचा उतरला. काचेवरून एक फेरी मारली. दुसरी मारली. तिन्ही थोरल्या आपल्या जाड पानावर निवांत बसून होत्या. लपायची त्यांना गरजच काय? त्यांचं माप वेगळं होतं. आत्याने तर शिंगही आत घेतलं नाही. चमच्याकडे बघत ती काकूला म्हणाली, “आता कळेल कार्ट्यांना. उपसून काढील एकेकीला.”

वरून माणसाचा आवाज आला. तो घरात कुणाशी तरी बोलत होता. “आज बारक्यांतली एकही दिसत नाही. राहू दे. मासा आता केवढा झालाय, सुपारीएवढं आरामात फोडेल. बारक्यांनी त्याचं भागतंय कुठे?”

आत्याने ते ऐकलं. तिने पाय घट्ट केला, पण वयाने आणि खाऊन खाऊन शंख एवढा जड झाला होता, की पानाच्या फाटक्या तुकड्यासकट ती चमच्यात आली. जाताना ती म्हणाली, “थांबा, मी नाही, खाली आहेत, खाली पुष्कळ आहेत.” हे तिचे शेवटचे शब्द. त्यातही लहानांचा पत्ताच होता.

कागदापलीकडे काही वेळ शांतता होती. मग सुपारी कातरल्यासारखा एकच आवाज आला.

तपकिरीला आनंद झाला, असं मी सांगणार नाही. तो आवाज तिने शिंगं मिटून ऐकला. चमचा पुन्हा येणार होता, हे तिला ठाऊक होतं. त्यानंतर तो येतच राहिला, आणि कधी कधी एखादी सापडली. पण आता त्याला शोधावं लागत होतं, आणि सापडणारी पाय घट्ट रोवून सापडत होती.

त्या दिवशी दुपारी मात्र काकू हळूच पानाच्या खालच्या बाजूला सरकली. तिने घसा खाकरला. “झालं ते झालं. बरणीत शिस्त राहायला हवी. पुढच्या खेपेपासून वाटाण्याएवढ्यांनी नेहमीसारखं वर जायचं. मोठा मान आहे तो.”

तेव्हा खडीतून पिवळीने शिंगं बाहेर काढली.

“काकू, तुम्ही वडीलधाऱ्या,” ती म्हणाली. “आधी तुमचा मान.”

तात्पर्य : लहानांना पुढे ढकलून जे मोठे स्वतःला वाचवतात, ते खाणाऱ्याचं तोंडच मोठं करत असतात, आणि एक दिवस ते तोंड त्यांच्याही मापाचं होतं. म्हणून कुणी मान देऊ लागलं, की तो मान त्याने स्वतःसाठी का ठेवला नाही, हे आधी विचारावं.