जागा नाही म्हणणाऱ्या राजाचे आकाश

एका राज्यात आकाश खाली येऊ लागले. आधी ते घारींच्या लक्षात आले, कारण त्यांना मान वाकवून उडावे लागे. मग माडांचे शेंडे दुमडले, देवळांचे कळस कलले, आणि राजवाड्यावरच्या निशाणाला फडकायला वाव उरला नाही तेव्हा कुठे दरबाराला जाग आली. दरबारांचे हे असेच असते.

झाले होते ते असे. राजा उदग्रसेन सिंहासनावर पाय पसरून बसला असता करालकेतू नावाचा मांत्रिक दरबारी आला. दूरच्या वाटेने आलेला, धुळीने माखलेला.

"राजा, बसायला जागा दे," तो म्हणाला.

दरबारात हत्तींचा कळप बसला असता एवढी जागा होती. राजा म्हणाला, "जागा नाही."

राजाची थोरली बहीण इरावती उठली आणि तिने आपले आसन पुढे केले. मांत्रिकाने तिला हात जोडले. "बाई, मी तुझ्याकडे मागितली नव्हती," तो म्हणाला, आणि राजाकडे वळला. "नाही म्हणालास ना? मग नसू दे. आकाश पहिल्यांदा कसे झाले हे जो जाणेल आणि तसेच करील, तोच तुला सोडवील." एवढे बोलून तो चालता झाला.

इरावतीविषयी इथे सांगायलाच हवे. ती थोरली, म्हणून गादी तिची होती. राज्य कसे चालवावे हे तिला शिकवलेही होते. पण उदग्रसेन जन्मला आणि बाप म्हणाला, "बाळे, तू जरा सरक." ती सरकली. पुढे पंगतीत सरकली, रथात सरकली, आईच्या कुशीतून तर त्याच रात्री सरकली होती. तिला कुणी शाबास म्हटले नाही. मला या गोष्टीचा राग येतो आणि तो मी लपवणार नाही.

आता राजाच्या तोंडचे पाणी पळाले. ज्योतिष्यांनी हात वर केले. सेनापतीला अचानक गुडघेदुखी सुरू झाली. तेव्हा इरावती निघाली. निघताना तिच्या मनात एकच आशा होती आणि ती तिने कुणाला सांगितली नाही: मी उत्तर घेऊन आले की भाऊ एकदा, एकदाच, माझ्यासाठी काही करील.

माळावर एक टिटवी पाठीवर पडून, पाय वर करून आकाश तोलत होती. तिचे पाय थरथरत होते.

"याच कामासाठी लोक मला आजवर हसले," टिटवी म्हणाली. "आता हसत नाहीत. बाई, लवकर जा. पाताळातल्या पाण्याला विचार, डोंगराच्या मुळाशी दगड आहे त्याला विचार, आणि उगवतीच्या कड्यावर पहिल्या उजेडाला विचार. तिघेही आधीपासूनचे आहेत. पण फुकट सांगत नाहीत."

इरावती एका कोरड्या विहिरीतून पाताळात उतरली. तिथे पाणी काळे होते आणि जागे होते.

"काय देशील?" पाण्याने विचारले.

"काय हवे?"

"तुझी आसवे."

तिने दिली. त्यानंतर तिला कधी रडता आले नाही.

"आरंभी सगळे होते," पाणी म्हणाले. "मी होते, दगड होता, उजेड होता. तू होतीस, तुझा भाऊ होता. सगळे एकाच ठिकाणी, मोहरीच्या दाण्याहून लहान ठिकाणी. फक्त जागा नव्हती. कूस बदलण्यापुरतीसुद्धा नाही."

डोंगराच्या मुळाशी दगडाने तिचे वजन मागितले. तिने दिले, आणि मग धुळीत तिचे पाऊल उमटेनासे झाले.

"किती काळ तसे होतो ते विचारू नकोस," दगड म्हणाला. "काळालाही जागा नव्हती. मग कुणीतरी म्हणाले, सरक. विश्वातला पहिला शब्द तो. पुढे जो तो दुसऱ्याला तेच म्हणू लागला. हलला कुणीच नाही."

उगवतीच्या कड्यावर पहिला उजेड क्षणभर टेकला. त्याने तिची सावली मागितली आणि घेतली.

"शेवटी एक जण सरकला," उजेड म्हणाला. "सरकायला कुठे जागाच नव्हती, म्हणून तो असण्यातूनच सरकला. त्याची जी जागा रिकामी झाली, तेच आकाश. तिच्यात आम्ही सगळे पांगलो. सूर्य, चांदण्या, पृथ्वी. अजून पांगतोच आहोत."

"त्याचे नाव काय?"

"सगळे विसरले. 'तूच सरक' असे ज्याने त्याला म्हटले, त्याला मात्र विसरता येत नाही."

"तसे कोण म्हणाले होते?"

"मी," उजेड म्हणाला. "म्हणून तर धावतो आहे. तो सापडत नाही आणि जागा संपत नाही." आणि तो पुढे गेला.

इरावती परतली तेव्हा आकाश राजवाड्याच्या छपराला टेकले होते. तुळया करकरत होत्या. दरबारी वाकून उभे होते, ती मात्र त्यांची जुनी सवय. तिने सगळे सांगितले. "एकाने सरकायचे आहे," ती म्हणाली. "आपण होऊन."

प्रधान जमिनीकडे पाहू लागला. सेनापती प्रधानाकडे पाहू लागला.

"उदग्रा, तू सरक," इरावती म्हणाली. "नकार तुझा होता."

"मी राजा आहे. राज्य कोण पाहील?"

"मी पाहीन. मला ते शिकवले होते."

राजाने तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळले. मग म्हणाला, "आक्का, तुझी सावली नाही. तुझे पाऊल उमटत नाही. तुला रडता येत नाही. तुझे आता राहिलेच आहे किती? तूच सरक." आणि हळू आवाजात पुढे म्हणाला, "तुला सवय आहे."

इरावतीला फार वाईट वाटले. मरणाचे नाही, या शेवटच्या तीन शब्दांचे. पण आसवे तर पाताळात राहिली होती.

"मी हे तुझ्यासाठी करत नाही," ती म्हणाली. "तिकडे माळावर टिटवीचे पाय थरथरत आहेत."

दाराशी कुणी आले म्हणजे आपण बाकावर सरकून घेतो, तेवढीच ती बाजूला झाली. मग ती तिथे नव्हती.

आकाश वर गेले. घारींनी माना सरळ केल्या. माड उभे राहिले, कळस नीट झाले, निशाण फडकले. टिटवीने पाय खाली घेतले आणि ती किडे टिपत चालू लागली. शाप सुटला होता. नगारे वाजले, साखर वाटली गेली, आणि महाराजांच्या पुण्याईने राज्य वाचले असे भाटांनी गायिले.

राजा सिंहासनावरून उतरला आणि खाली सतरंजीवर बसला. दुसऱ्या दिवशीही खालीच बसला. प्रधानाला ते बरे दिसेना.

"महाराज, सिंहासन कुणासाठी ठेवले आहे?"

"आक्कासाठी."

प्रधान गोंधळला. त्याने सेनापतीकडे पाहिले, सेनापतीने मान हलवली.

"क्षमा असावी, महाराज," प्रधान म्हणाला. "आपल्याला बहीण कधी होती?"

राजा उठला आणि गच्चीवर गेला. त्याने वर पाहून हाक मारली, पुन्हा मारली. आकाश पुष्कळ होते.