दोन जवांचा खडक

फार फार वर्षांमागे एक राजा होऊन गेला. त्याच्या राज्यात आगगाडी होती. राजाच्या काळात आगगाडी कुठली, असं कुणी मधेच विचारू नये. गोष्ट मी सांगतोय आणि माझ्या गोष्टीत ती होती. सपाटीवर गाडी झोकात धावे, पण घाटाच्या पायथ्याशी आली की मुकाट उभी राही. घाटमाथ्यावरच्या गावाला जायचं तर शिडीची उभी वाट. गुडघे गेलेल्या माणसाला ते गाव तुटल्यासारखंच.

राजाच्या मनात आलं, गाडी वर न्यायची. पण राजा सावध होता. तो म्हणाला, "आधी लहान करून दाखवा. लहान चालली तर मोठीला हात घालू."

लहान करण्याच्या कामात त्या राज्यात एका मिस्त्रीचा हात धरणारं कुणी नव्हतं. पन्नाशीचा, बारीक अंगाचा, कुणाचं ऐकून न घेणारा. लोक त्याला तंतोतंत मिस्त्री म्हणत आणि तो ते ऐकून मनात सुखावे. त्याचं माप ठरलेलं होतं. डोंगरावरचा एक हात म्हणजे त्याच्याकडचं एक बोट. जवाच्या दाण्याएवढी जाडी म्हणजे डोंगरावरची तीन बोटं. यात केसाएवढा फरक पडला तर गडी जेवायचा नाही.

दोरी घेऊन तो महिनोन्‌महिने घाटात हिंडला. मग घरी येऊन पडवीभर घाट उभा केला. डोंगर शाडूचा, रूळ तांब्याच्या तारेचे. डबे शिवणीच्या लाकडाचे, खिडक्यांना अभ्रकाचे तुकडे, दारांना सुईच्या टोकापासून केलेल्या कड्या. किल्ली दिली की गाडी घाट चढू लागे.

डोंगराला रंग दिला त्याच्या बायकोने. ती त्याच घाटमाथ्यावरच्या गावची. कुठला खडक काळा, कुठल्यावर शेवाळ, हे तिला डोळे मिटून ठाऊक. तिची आई अजून वर एकटी राहत होती. हिचे गुडघे गेल्यापासून मायलेकींची गाठ नव्हती. काजळी आणि नीळ कालवून ती शाडूवर हात फिरवी आणि म्हणे, "ह्या वळणापाशी आई मला निरोप द्यायला यायची." त्या वळणावर एक खडक पुढे झुकलेला होता. एका अंगाला तो खडक, दुसऱ्या अंगाला सरळ दरी.

दरबारात दाखवायच्या आदल्या दिवशी मिस्त्रीने सगळे डबे जोडून गाडी सोडली. इंजिन वळणावरून गेलं. मधले डबे गेले. शेवटचा डबा सगळ्यांत लांब, तो वळताना मधोमध खडकाकडे आत आला आणि दाराची कडी खडकाला घासली. किर्र आवाज झाला आणि गाडी अडली.

मिस्त्रीने तीनदा मोजलं. दोन जव कमी पडत होते.

आता करायचं काय? रूळ दरीकडे सरकवायचे तर खाली भिंत बांधायला हवी. डबा आखूड करायचा तर सगळी आखणी नव्याने. आणि राजाला सांगायचं तर तंतोतंत मिस्त्रीचं चुकलं, हे चारचौघांत कबूल करायचं. त्याने दार लोटून घेतलं, कानस उचलली आणि खडक घासला. दोन जव, अगदी मोजून. गाडी सुळकन निघून गेली. शाडूची पांढरी भुकटी मात्र त्याच्याने टाकवेना. ती त्याने तपकिरीच्या रिकाम्या डबीत भरून ठेवली.

संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, माझ्या खडकावर पांढरं काय दिसतंय?"

"उंदराने कुरतडलं असेल," मिस्त्री म्हणाला.

तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा काजळी कालवायला घेतली.

दरबारात गाडी निर्विघ्न धावली. राजाने मिस्त्रीच्या हातात सोन्याचं कडं घातलं आणि हुकूम सोडला, "रूळ असेच, डबे असेच. मिस्त्रींच्या मापात कुणी बोट घालायचं नाही."

दोन वर्षं काम चाललं. पहिले काही महिने मिस्त्री मनाला समजावत राहिला, की एवढे गवंडी, एवढे पाथरवट, कुणाच्या तरी लक्षात येईलच की. मग राहवेना, तेव्हा तो घाटात गेला. खडक होता तिथेच होता, काळाकभिन्न. त्याने मुकादमाला आडून विचारलं, "इथे जरा अडचण वाटत नाही का हो?"

मुकादम हसला. "मिस्त्री, परीक्षा बघताय होय आमची? तुमची गाडी इथून गेलेली सगळ्या दरबाराने पाहिली. तुमच्यापुढे आमचं शहाणपण ते काय."

ओठांवर आलेलं सत्य मिस्त्रीने गिळलं आणि तो घरी परतला. हातातलं कडं त्याला जड झालं होतं, पण काढायचं धाडस होईना.

पहिली गाडी निघायच्या आदल्या दिवशी बायको गाठोडं बांधत होती. शेवटच्या लांब डब्यात राजाने तिला जागा दिली होती. आईसाठी लुगडं, बिनगुळाच्या चार वड्या, कारण म्हातारीला गोड चालत नसे. "मी खिडकीशी बसणार," ती म्हणाली, "आणि त्या वळणावर हात बाहेर काढून खडकाला लावणार."

मिस्त्रीने गाठोड्यावर हात ठेवला. डोंगरावर दोन जवांची सहा बोटं झाली होती. डबा खडकावर आदळला की जाईल कुठे? दरीतच. त्याने बायकोला सगळं सांगून टाकलं.

ती म्हणाली, "उंदीर असं मोजून कुरतडत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं. वाटलं, तुम्ही काहीतरी निस्तराल. मी विचारायला हवं होतं." आणि तिने गाठोडं सोडलं.

मिस्त्री तसाच राजाकडे गेला. भरल्या दरबारात त्याने डबी उघडली, भुकटी डिंकात कालवली आणि तिथे ठेवलेल्या नमुन्यातल्या खडकाला लावली. वाळल्यावर गाडी सोडली. किर्र झालं आणि गाडी अडली.

"हे तेव्हाच दाखवलं असतंत, तर तुम्हाला दोन कडी दिली असती," राजा म्हणाला. "आम्ही नमुना मागितला, तो चुका सापडाव्यात म्हणूनच ना?" मिस्त्रीने कडं काढून पायाशी ठेवलं. राजाने ते उचलून घ्यायला सांगितलं नाही.

वळणावर दरीच्या अंगाला भिंत उभी करून रूळ सरकवायला आठ महिने लागले. सहाव्या महिन्यात वरून निरोप आला, की म्हातारी गेली. शेवटपर्यंत विचारत होती म्हणे, गाडी कधी येणार.

नवव्या महिन्यात गाडी घाट चढली. मिस्त्री आणि त्याची बायको शेवटच्या डब्यात होती. वळण आलं. खडक खिडकीजवळून सरकत गेला, मध्ये हातभर मोकळी जागा ठेवून. बायकोने हात बाहेर काढला नाही.

"तेव्हा भिंत घालायला किती वेळ लागला असता?" तिने विचारलं.

"नमुन्यात?" मिस्त्री म्हणाला. "एक दुपार."

वर उतरल्यावर तिने लुगड्याचं गाठोडं त्याच्या हातात दिलं आणि आईच्या बंद घराकडे सावकाश चालू लागली. तो मागोमाग गेला.

त्यानंतर मिस्त्रीने पुष्कळ गाड्या केल्या. त्याच्या ओट्यावर ती तपकिरीची डबी कायम उघडी असे. शिकायला येणाऱ्याला तो आधी ती रिकामी डबी दाखवी आणि मगच हातात कानस देई.

म्हणून लहानथोरांनी ध्यानात ठेवावं: लहान असताना घासून लपवलेली चूक मरत नाही, ती मोठी होऊन वाटेत आडवी येते.